जास्वंदीवर पांढरं काहीतरी दिसतंय? औषध आणायच्या आधी पान उलटं करून बघा

जास्वंदीचे शेंडे आखडून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेत, कळ्या उमलायच्या आधीच गळतायत आणि फांदीच्या बेचक्यात कापूस चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी दिसतंय, तर तो पिठ्या ढेकूण. बुरशी नाही. हे आधीच सांगते कारण निम्मे लोक त्याला बुरशी समजून बुरशीनाशक मारतात, मी पण मारलंय, आणि ढेकूण मस्त मजेत राहतो.

पण माझा खरा मोठा घोळ वेगळाच होता. पुण्यात गच्चीवर माझ्या पंधरा-वीस कुंड्या आहेत, त्यात चार जास्वंदी, आणि एका उन्हाळ्यात चारही पांढऱ्या पडल्या. त्या पांढऱ्यात काही मोठेमोठे, अंगभर मेणाच्या झिपऱ्या असलेले, भराभर चालणारे किडे दिसले आणि मला वाटलं हेच यांचे म्होरके, मग काय, रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून चिमट्याने एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे, आठवडाभर हा उद्योग केला. नंतर कळलं की ती क्रिप्टोलीमस नावाच्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची पिल्लं होती, म्हणजे पिठ्या ढेकूण खाऊन जगणारी! हा भुंगेरा मुळात ऑस्ट्रेलियातला, १८९८ मध्ये किडींच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम भारतात आणलेला, आणि माझ्या गच्चीवर फुकट कामाला आला होता, मी त्याला बुडवून मारला. ढेकणासारखंच पांढरं सोंग घेतो म्हणून फसायला होतं. फरक सोपा आहे, ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही आणि झिपऱ्या आखूड असतात, क्रिप्टोलीमसचं पिल्लू त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं, झिपऱ्या लांब आणि बोट लावलं की चालायला लागतं. मोठा झाला की काळा गोल भुंगेरा, डोकं आणि मागचं टोक तांबूस नारिंगी.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, कोण आहे ते कळल्याशिवाय बाटली हातात घ्यायची नाही.

आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं

सकाळी ऊन चढायच्या आधी बघा. पान वरून बघून काही कळत नाही, सगळा कारभार पानाच्या खाली चालतो, म्हणून पान उलटं करा, शेंडा उघडून बघा, फांदीची बेचकी बघा, खोड मातीत शिरतं तिथे बघा. भिंग नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा आणि मग फोटो मोठा करून बघा, भिंगापेक्षा बरं दिसतं.

मग चार गोष्टी तपासा. एक, झाडावर मुंग्यांची रांग आहे का. दोन, पानं किंवा खालची फरशी चिकट लागतेय का, शेतकरी याला चिकटा म्हणतात, रस शोषणाऱ्या किडी जास्तीची साखर अशी मागून सोडतात. तीन, त्या चिकट्यावर काजळीसारखा काळा थर आलाय का, ती काळी बुरशी चिकट्यावरच वाढते, झाडाच्या आत शिरत नाही, त्यामुळे कीड गेली की ओल्या फडक्याने पुसून निघते. चार, पांढरा कागद खाली धरून फांदी टिचकीने झटका, कागदावर काय पडतं आणि ते चालतं का ते बघा.

मुंग्या आणि चिकटा असेल तर समजा मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी यातलं कुणीतरी आहे. चिकटा नाही पण पानं वेडीवाकडी, कळ्यांच्या कडा करपलेल्या, तर फुलकिडे. पानं धुरकट, फिकट, बारीक ठिपक्यांनी भरलेली आणि खाली अगदी पातळ जाळं, तर लाल कोळी. पानाला भोकं किंवा नुसत्या शिरा शिल्लक, तर अळी नाहीतर भुंगेरे. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल गोल तुकडे गायब असतील तर मात्र काहीही करू नका, ती पानं कापणारी मधमाशी असते, घरट्याला अस्तर लावायला पान नेते, झाडाला काही होत नाही.

पिठ्या ढेकूण, कारण सगळ्यात जास्त छळ हाच करतो

जास्वंदीवर येणारे पिठ्या ढेकूण एकाच जातीचे नसतात. एक गुलाबी असतो, चिरडला की गुलाबी-लाल रस येतो, शेंडे आखडून गड्डा होतो ते याच्यामुळे, कारण त्याच्या लाळेने कोवळी वाढच बिघडते. दुसरा पपईवरचा, तो चिरडला की पिवळसर. याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, २००८ मध्ये कोईमतूरला हा भारतात पहिल्यांदा सापडला आणि २०१० पर्यंत पुण्याकडच्या पपईच्या बागांमध्ये पोचला, पपई तर गेलीच पण जास्वंद, चाफा, तुती, दिसेल त्यावर बसला. औषधं मारून शेतकरी थकले. मग त्याच वर्षी पोर्तो रिकोहून बारीकशी परजीवी माशी मागवली, बंगळुरूच्या संस्थेत वाढवली आणि बागांमध्ये सोडली. ही माशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू त्याला आतून खाऊन संपवतं. जे फवारण्यांनी होत नव्हतं ते तिने केलं. म्हणून ढेकणांच्या गर्दीत काही तपकिरी, फुगलेली, कडक झालेली, भोक पडलेली कवचं दिसली तर खूश व्हा आणि फवारणी थांबवा, तुमच्याकडे पाहुणी पोचलेली आहे.

ती पोचली नसेल तर कामाला लागा. सगळ्यात आधी कात्री. जे शेंडे आखडून गड्डा झालेत ते परत सरळ होत नाहीत, उगाच माया करू नका, आखडल्याच्या चार बोटं खालून छाटा आणि छाटलेलं थेट पिशवीत, गाठ मारून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही, कुंडीशेजारी जमिनीवर तर अजिबात नाही, कारण पिल्लं चालत परत वर येतात.

मग पाणी. पाइपला बोट लावून जोरात फवारा करायचा आणि पानांच्या खालून, बेचक्यांत मारायचा. कुंडी आडवी करून मारलं तर माती वाहत नाही, मातीवर जुनी पिशवी बांधा. हे रोज तीन-चार दिवस केलं तर सुरुवातीची लागण याच्यानेच संपते, मी खरंच सांगते, माझ्याकडे दहातल्या सात वेळा पुढचं काही करावंच लागत नाही. बेचक्यात उरलेले चिवट असतात त्यांना इअरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून नुसता टेकवायचा, मेण विरघळतं आणि तो तिथल्या तिथे तपकिरी पडतो. अख्ख्या झाडावर स्पिरिट शिंपडू नका, पानं करपतात.

तरीही उरले तर साबण-पाणी. ढेकणाच्या अंगावर मेण असतं म्हणून नुसतं औषध वरून घरंगळून जातं, हे लक्षात घ्या, बिनसाबणाची कुठलीही फवारणी यावर वाया. एक लिटर पाण्यात ५ मिली साधा लिक्विड साबण, कपड्यांची पावडर नको, ती पानं जाळते. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा, काही झालं नाही तर संध्याकाळी सगळं झाड भिजवा आणि सकाळी साध्या पाण्याने धुवा.

आणि आता मुख्य चूक जी सगळे करतात. एकदा मारून सोडून देतात. एक गुलाबी मादी तिच्या कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि त्या पिशवीत तुमचं साबण-पाणी शिरत नाही. साधारण आठवडाभरात ती फुटतात आणि पंधरा दिवसांत झाड परत होतं तसं. म्हणून सात-सात दिवसांनी तीन वेळा, कॅलेंडरवर लिहून. दुसऱ्या वेळी झाड स्वच्छ दिसलं तरी तिसरी फवारणी करायची, कंटाळा नको.

एवढं करून झाड तरी मलूल असेल तर कुंडीतून गोळा बाहेर काढून मुळं बघा, मुळांवर पांढरी पूड लागल्यासारखं दिसलं तर ढेकूण खालीही आहेत. मग माती झटकून फेका, मुळं पाण्याने धुवा आणि नव्या मातीत लावा.

मुंग्या

याला वेगळा मथळा दिला कारण लोक मुंग्यांकडे बघतच नाहीत. मुंग्या चिकट्यासाठी ढेकूण आणि मावा पाळतात, आपण गाई पाळतो तसं, लेडीबर्ड आली की तिला चावून हाकलतात. मुंग्या थांबवल्या की निम्मी लढाई मित्रकीटकच लढतात. खोडाभोवती कागदी टेप गुंडाळून त्यावर ग्रीस किंवा व्हॅसलीनचा पट्टा लावा, थेट सालीवर लावू नका. झाडाची फांदी भिंतीला किंवा कपड्याच्या दोरीला टेकत असेल तर पट्टा काही कामाचा नाही, मुंग्या त्या पुलावरून येतात, माझ्याकडे महिनाभर दोरीवरून येत होत्या आणि मी खाली ग्रीस फासत बसले होते.

दुसरा उपाय कॅरमच्या पावडरचा. बोरिक पावडर अर्धा छोटा चमचा, साखर तीन मोठे चमचे, एक मोठा पेला कोमट पाणी, ढवळून कापसाचे बोळे त्यात भिजवून झाकणात ठेवायचे, मुंग्यांच्या वाटेवर. पावडर जास्त टाकाल तर मुंग्या वाटेतच मरतील आणि वारुळापर्यंत काही पोचणार नाही, कमीच हवी. लहान मूल, मांजर, कुत्रा असेल घरात तर हे करू नका, ग्रीसवर भागवा.

मावा, पांढरी माशी, खवले

मावा ढगाळ थंड हवेत, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर हिरवा आणि कण्हेरीवर पिवळाधमक, काळ्या पायांचा. दिसायला भयंकर पण सगळ्यात सोपा, पाण्याच्या फवाऱ्याने गळून पडला की बहुतेक परत चढत नाही. कण्हेरीवरचा तर मी सोडूनच देते, लेडीबर्ड येतात. मावा वारंवार येत असेल तर खताकडे बघा, युरिया किंवा कोंबडीखत सारखं घातलं की लुसलुशीत वाढ येते आणि माव्याला तेच हवं असतं.

पांढरी माशी म्हणजे झाड हलवलं की पांढऱ्या पिठाचा ढग उडतो ती. उडणाऱ्या माशा पिवळ्या चिकट पट्ट्यांवर सापडतात, पण पट्टी म्हणजे मोजमाप, इलाज नव्हे, पिल्लं पानाखाली चिकटून बसलेली असतात, तिथे साबण-पाणी पोचलं पाहिजे. घरी पट्टी करायची असेल तर पिवळा पुठ्ठा, वर प्लॅस्टिक आणि एरंडेल तेल.

खवले कीड म्हणजे गुलाबाच्या, एक्झोऱ्याच्या, सायकसच्या फांदीवर तपकिरी किंवा पांढऱ्या टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतं, नखाने खरवडली तर निघते. जुना टूथब्रश आणि साबण-पाणी, बस. कवचाखाली असते म्हणून नुसत्या फवारणीने काही होत नाही, घासावंच लागतं.

फुलकिडे आणि लाल कोळी

गुलाबाच्या कळ्या अर्धवट उमलून कडा तपकिरी होतात ते फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटकली की स्वल्पविरामाएवढे पिवळे-काळे किडे पळताना दिसतात. खराब कळ्या काढून टाकायच्या, निळी चिकट पट्टी आणि निंबोळी तेल. सोसायटीत फायकसची कुंपणं असतात ना, त्यांची कोवळी पानं मधोमध दुमडून पाकिटासारखी बंद होतात, तेही फुलकिड्यांचंच काम, पाकीट उघडून बघा, आत काळे किडे असतात. औषध त्या पाकिटात पोचतच नाही, आमच्या माळीकाकांना पटायला दोन वर्षं लागली, आता ते कोवळी वाढ दुमडायला लागली की छाटून पिशवीत भरतात आणि कुंपण बरं असतं.

लाल कोळी कीटकच नाही, आठ पायांचा आहे, कोळ्यांच्या घराण्यातला. हे माहिती असणं महत्त्वाचं कारण माव्याचं औषध त्याला लागू पडत नाही, उलट इमिडाक्लोप्रिड (माव्यासारख्या किडींवर मारतात ते रासायनिक औषध) मारल्यावर कोळी वाढलेला अनेकांनी बघितलाय. मार्च ते मे, कोरडी गरम हवा, भिंतीला लागून ठेवलेल्या कुंड्या, ही त्याची आवडती जागा. मोगऱ्यावर, गुलाबावर हमखास. पानाखाली रोज पाणी मारा, कोळ्याला ओल आवडत नाही. नाहीच गेला तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, पण ३५ अंशांच्या वर तापमान असताना नाही, पानं करपतात. आणि निंबोळी तेल मारल्यावर किमान दोन आठवडे गंधक मारू नका, दोन्ही एकत्र झालं की झाड भाजतं.

अळ्या, इथे जरा मन मोठं ठेवा

तगरीची किंवा कण्हेरीची पानं एका रात्रीत साफ झाली आणि खाली फरशीवर काळ्या लेंड्या पडल्यात, तर वर बघा, बोटाएवढी जाड हिरवी अळी असेल, शेपटीला शिंग, मानेजवळ दोन निळसर डोळे. घाबरू नका, चावत नाही, ते डोळे खोटे आहेत, पक्ष्यांना फसवायला. हिचा पुढे सुंदर हिरवा पतंग होतो. दोन-तीनच असतात, उचलून कंपाउंडच्या कण्हेरीवर नेऊन सोडायच्या. कण्हेरीवर काळ्या मऊ शिंगांच्या चार जोड्या असलेली पट्टेरी अळी दिसली तर ती हबशी फुलपाखराची, तिचा कोष चांदीच्या लोलकासारखा चमकतो, मी तर त्यासाठी कण्हेर ठेवलीये.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. कळ्या जांभळट होऊन त्यांना भोक पडलं असेल तर आत कळी पोखरणारी अळी आहे, फवारणी आतपर्यंत जात नाही. तशा कळ्या रोज वेचायच्या आणि नष्ट करायच्या, खाली पडलेल्यासुद्धा. जास्त झाल्यास बीटी पावडर, म्हणजे अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूंची पावडर, संध्याकाळी, पाकिटावरच्या प्रमाणात, आणि ती अळी कळीत शिरायच्या आधी मारली तरच उपयोग.

पहिल्या पावसानंतर जूनमध्ये गुलाबाची पानं रात्रीत चाळण होतात ते हुमणीचे भुंगेरे. रात्री आठ-नऊला टॉर्च घेऊन जा, फांदी हलवा, खाली साबण-पाण्याची परात. आठ-दहा दिवसांचा खेळ असतो.

फवारणी करायचीच असेल तर

निंबोळी तेल लिटरला ५ मिली, पण तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात २ मिली लिक्विड साबण घोळवा, त्यात तेल घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा, मग बाकीचं पाणी. बाटलीत वर तेल तरंगत असेल तर फवारू नका, पहिली पानं जळतील आणि शेवटच्यांना नुसतं पाणी मिळेल. त्याच दिवशी वापरून टाका, संध्याकाळी मारा, आदल्या दिवशी झाडाला नीट पाणी घाला. गावाकडे कडुलिंब असेल तर पावसाच्या तोंडाशी पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा, ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळली की पाच टक्के अर्क तयार, विकतच्यापेक्षा स्वस्त.

पावसाळ्यात दमट हवा असते तेव्हा व्हर्टिसिलियमची पावडर छान काम करते, कृषी सेवा केंद्रात मिळते, लिटरला ५ ग्रॅम, ही किडीला मारणारी बुरशी आहे म्हणून तिच्यासोबत बुरशीनाशक मारायचं नाही आणि कोरड्या एप्रिलमध्ये आणून पैसे वाया घालवायचे नाहीत.

रासायनिक औषधांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बाल्कनीत जवळजवळ कधीच लागत नाहीत. जास्वंद गणपतीला जाते, मोगरा केसात माळतो, गुलाबाचा गुलकंद करतो, आणि त्याच फुलांवर मधमाशा येतात. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती माणसं तर उघड्या शेतात फवारत होती, आपण बंद बाल्कनीत स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फवारतो. मोठं कुंपण आहे, काहीच चालत नाहीये, घ्यायचंच आहे तर बाटलीवरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळा घरी आणूच नका. फुलं असताना मारायचं नाही, मास्क, चष्मा, हातमोजे घालून, आणि सुटं औषध पाण्याच्या बाटलीत भरून देणाऱ्या दुकानदाराकडून तर मुळीच घेऊ नका, त्यात काय आहे ते त्यालाही धड सांगता येत नाही.

एक राहिलं. कुंपणाला कुंती लावली असेल, पांढऱ्या वासाच्या फुलांची, आणि शेजारी लिंबाचं किंवा संत्र्याचं झाड असेल तर कुंतीची कोवळी पालवी दर पंधरवड्याला बघत जा. सायला नावाची बारीक कीड, शेपूट वर करून तिरकी बसते, ती कुंतीवर वाढते आणि तिथून लिंबावर जाते, लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग तीच पसरवते. पिल्लं पांढरे दोरे सोडतात, त्यावरून ओळखता येतं. दिसली की पालवी छाटून पिशवीत भरा, कुंती छाटणीला घाबरत नाही, महिन्याभरात परत फुटते.